तिसरं पातं

हॉटेलातल्या मुली तिला समोर 'मॅडम' म्हणत आणि पाठ वळली की 'दुर्बीण'. तिला हे ठाऊक होतं. ठाऊक असून तिने कधी कुणाला हटकलं नाही, कारण खरं सांगायचं तर तिला त्या नावाचा आतून अभिमानच होता. नाव ठेवायचंच होतं, तर निदान कामाचं ठेवलं पोरींनी, असं ती म्हणे.

काम काय, तर खोल्या तपासायच्या. पाहुणा गेला की मुली खोली आवरत, आणि मग दुर्बीण आत शिरे. दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवायचं आणि बोट बघायचं. नळ चकचकीत असला तरी नळाच्या पाठीमागे हात घालायचा. बाथरूममध्ये एक केस सापडला, एकच, तरी आख्खं बाथरूम पुन्हा धुवायचं. पण तिचं खरं कसब याच्या पुढे होतं. सगळं बघून झालं की ती चपला काढून सरळ गादीवर आडवी होई. उशीवर डोकं, हात पोटावर, नजर वर. नव्या मुली हे पहिल्यांदा बघत तेव्हा तोंड दाबून हसत.

"हसू नका," ती पडल्यापडल्या म्हणे. "तुम्ही खोली दारातून बघता. पाहुणा गादीवरून बघतो. त्याला काय खुपणार ते इथूनच कळतं."

आणि खरोखरच, उभ्याने कुणाला दिसलं नसतं ते तिला आडवं पडून दिसे. दिव्याच्या काचेत मरून पडलेली माशी, पडद्याच्या मागचं जाळं, छताच्या कोपऱ्यातला ओलीचा डाग. मग ती उठे, स्वतःच्या पाठीने पडलेली सुरकुती चादरीवरून हाताने मोडून काढी, आणि खाली फोन लावून दोनच शब्द बोले, "खोली तयार." ते दोन शब्द ऐकायला मुली बाहेर जीव मुठीत धरून उभ्या असत.

इथवर ठीक होतं. पगारच त्याचा मिळत होता. पंचाईत अशी की संध्याकाळी गणवेश बदलता येतो, डोळे बदलता येत नाहीत. शेजारणीकडे नवा सोफा आला, सगळ्या बायका "किती मऊ, किती छान रंग" करत होत्या, आणि हिने खाली वाकून त्याचा एक पाय अधांतरी आहे हे दाखवून दिलं. लग्नाला जाऊन आली तर नवरी दिसायला कशी होती हे तिला सांगता येत नसे, पण नवरीच्या मागच्या फुलांतली कुठली सुकली होती हे बरोब्बर आठवे. लोकांना राग येई. तिला वाटे, आपण सांगतोय ते लोकांच्या भल्याचंच आहे, मग यांना मिरची का झोंबते?

नवरा तिच्या अगदी उलटा. बस चालवून चालवून निवृत्त झालेला, स्वभावाने सैल, पाव करपला तरी "वा, कुरकुरीत झालाय" म्हणून मिटक्या मारत खाणारा. त्या मिटक्यांनी तिच्या अंगाचा तिळपापड होई.

"अहो, तुम्हाला काही दिसतच नाही का?"

"दिसतं की. आणि चुकून राहिलंच काही तर तू आहेस ना दाखवायला," तो म्हणे आणि दुसरा तुकडा उचले.

त्यांची एकुलती एक मुलगी छकुली. खरं नाव शाळेत आणि कामावर चालायचं, घरी छकुलीच. औषधाच्या दुकानात नोकरी करत होती, लग्न होऊन दुसऱ्या शहरात राहत होती. तिचा नवरा गाड्यांना रंग मारायचा, कष्टाळू, बोलायला कमी. एका संध्याकाळी छकुलीचा व्हिडिओ फोन आला. फोन समोर टेकवून ती खुर्चीत बसलेली, केस नीट विंचरलेले, गाल लालबुंद.

"आई, बाबा जवळ आहेत ना? दोघं नीट बसा बघू. बसलात?" आणि एक मोठा श्वास घेऊन ती म्हणाली, "मला बाळ होणार आहे."

बाबा खुर्चीतून टुणकन उठले. आणि दुर्बीण? दुर्बिणीचे डोळे नेहमीच्या वाटेने गेले. मुलीच्या डोक्यामागे खिडकीचा पडदा होता, त्याची एक कडी दांडीवरून सुटली होती आणि पडदा तिथे लोंबत होता.

"अगं, तुझ्या मागच्या पडद्याची कडी सुटलीय बघ," ती म्हणाली.

छकुलीने मागे वळून बघितलं. "हो का," छकुली म्हणाली. "बघते."

मग दुर्बिणीने सगळं केलं, नाही असं नाही. आनंद झाला म्हणाली, कितवा महिना विचारलं, डॉक्टर कोण, खातेस काय, सगळं विचारलं. अंथरुणावर पडल्यावर थोडी रडलीसुद्धा, आनंदाने. पण पहिलं वाक्य ते पहिलं वाक्य. ते तोंडातून गेलं होतं आणि आता त्याला कुणी काही करू शकत नव्हतं. नवऱ्याने त्याची आठवडाभर चेष्टा केली. "उद्या मी गेलो ना, तर ही म्हणेल, अहो, उठा, चादर नीट करायचीय."

त्यानंतर छकुलीचे फोन येत राहिले, पण नुसते आवाजाचे. चेहरा दिसेना. दुर्बिणीला वाटलं, तिकडे नेटवर्कची बोंब असेल.

सहावा महिना लागला तेव्हा हिने रजा मागून घेतली आणि छकुलीला कळवलं, "रविवारी येते. चांगली दोन दिवस राहते."

"ये ना," छकुली म्हणाली. जरा थांबून म्हणाली, पण म्हणाली.

शनिवारी दुपारी जावयाचा फोन आला. छकुली पडली होती. बाथरूममध्ये पाय घसरला. दवाखान्यातून घरी आणलंय, बाळ आहे, ठोके आहेत, पण रक्त गेलंय. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीपर्यंत अंथरुणातून हलायचं नाही म्हणून सांगितलंय. त्या तपासणीत सगळं ठीक निघालं तर निभावलं. दुर्बिणीने हाताला लागतील ते कपडे पिशवीत कोंबले, घड्या न घालता, आणि मिळेल त्या गाडीने निघाली.

जावई खाली रस्त्यावरच वाट बघत उभा होता. नखांत निळा रंग तसाच. त्याने पिशवी घेतली, पण जिना काही चढेना.

"आई, एक सांगू? रागावू नका."

"बोला ना."

"घराबद्दल तिच्यासमोर काही बोलू नका. पडदा, भांडी, फडकी, काही नाही. तिचं प्रेशर वाढलंय. डॉक्टर म्हणालेत, मन शांत राहिलं पाहिजे, नाहीतर बाळाला..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. मग नखांकडे बघत म्हणाला, "नाही जमलं तर माझ्या आईला बोलावीन. तुम्हाला परत जावं लागेल. मी स्पष्ट सांगतोय."

एरवी हे ऐकून तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. जन्म दिलेल्या आईला परत पाठवणार म्हणे! पण आज वेळ ती नव्हती. ती फक्त "बरं" म्हणाली आणि जिना चढली.

तिने तोंडाला कुलूप लावलं. आयुष्यात कुठल्या कामात कसूर केली नव्हती, यातही करायची नाही असं तिने ठरवलं. बेसिनला पांढरे थर होते, ती बोलली नाही. मिठाच्या बरणीवर साखरेचं झाकण होतं, ती बोलली नाही. छकुलीच्या खोलीत तो पडदा, ती कडी, अजून तशीच लोंबत होती. तेव्हा तर तिने ओठ असे मिटले की जावयाने विचारलं, "आई, दाढ दुखतेय का?"

पण हात ऐकेनात. जाता जाता टॉवेलची कड सरळ केली जाई. कप उचलताना बुडाखालचं वर्तुळ बोटाने पुसलं जाई. आणि छकुली बघत असे. पलंगावर उताणी पडलेली, हलायची बंदी, पण डोळे आईच्या डोळ्यांच्या मागे मागे. आई कपाटाकडे बघायची तर ही कपाटाकडे. आई कोपऱ्याकडे बघायची तर हिचा चेहरा कसनुसा. एकदा दुर्बीण सूप घेऊन आत आली तर छकुली कोपरावर उठून शेजारच्या टेबलावरचा औषधाचा डाग वर्तमानपत्राने झाकत होती.

"अगं, उठतेस कशाला!" दुर्बीण ओरडली.

"नाही, ते जरा..." म्हणत छकुली आडवी झाली. श्वास लागला होता.

त्या संध्याकाळी नर्स येऊन प्रेशर बघून गेली. उतरायचं सोडून चढलं होतं. जावयाने बाहेर जाऊन फोन काढला, स्वतःच्या आईचा नंबर बराच वेळ बघितला आणि फोन परत खिशात टाकला. दुर्बिणीने दाराआडून हे बघितलं. तिला दिसणारच.

"मी एक शब्द बोलले का गं तुला?" तिने छकुलीला विचारलं. आवाज रडवेला झाला होता.

"नाही बोललीस," छकुली म्हणाली. "पण आई, तू गप्प राहून तपासतेस. त्यापेक्षा बोल ना. काय काय चुकलंय ते एकदा सगळं सांगून टाक. मग मी झोपते."

दुर्बीण स्वयंपाकघरात आली, नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. मग नवऱ्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही, म्हणजे त्यालाही काळजी होती.

"मी वाईट आहे का हो?" तिने विचारलं.

"नाही गं. मला एक सांग. इतक्या वर्षांत एवढ्या खोल्या बघितल्यास. त्यातली तुला आवडलेली एक सांग."

"आवडायचं काय त्यात? तयार आहे की नाही एवढंच बघायचं असतं."

"तरी. एक."

तिला एकही सांगता येईना. तिला चिडायला झालं. "तुम्हाला काय जातंय बोलायला! तुम्ही कधी नीट बघितलंय काही?"

"बघितलं नसतं तर बस खड्ड्यात नसती का गेली? खड्डे मीही डोळ्यात तेल घालूनच बघायचो. पण चुकवला की तो मागे पडायचा, मी पुढे. घरी येऊन तुला काय सांगायचो? कोण चढलं, कोण काय म्हणालं, कुठल्या म्हाताऱ्याने नवी टोपी घातली होती. तू मात्र आख्खा दिवस खड्डेच घेऊन घरी यायचीस."

"ठेवते," म्हणून तिने फोन ठेवला. रागाने ठेवला. पण रागावून उठायच्याऐवजी ती तिथेच स्टुलावर बसून राहिली. हॉटेलात वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली एक खोली होती, मोठ्या खिडकीची. मुली ती खोली आवरायला भांडायच्या, सगळ्यांना तीच हवी असायची. दुर्बिणीने त्या खिडकीच्या काचेवरचे बोटांचे ठसे कितीदा दाखवून दिले असतील त्याला गणती नाही. पण काचेच्या पलीकडे काय होतं? झाड होतं? छपरं होती? तलाव होता का? तिने डोळे मिटून आठवून बघितलं. ठसे आठवत होते. पलीकडचं काही म्हणजे काही आठवेना. तिला स्वतःचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. छकुलीला उकडायचं म्हणून तिच्या खोलीतला पंखा दिवसरात्र चालू असे. तो हळूहळू मंदावला आणि थांबला. दुर्बीण खुर्चीत बसून जुन्या मासिकाने तिला वारा घालत होती.

"आई, तुझी पाठ दुखत असेल. पड ना जरा माझ्या शेजारी," छकुली म्हणाली.

दुर्बिणीला नवल वाटलं. पण ती पडली. कामाशिवाय दिवसाढवळ्या गादीवर पाठ टेकायची तिला सवयच नव्हती. हात आपोआप पोटावर गेले, नजर आपोआप वर. डावा कोपरा, ठीक. उजवा कोपरा, ठीक. मग पंखा. अगदी डोक्यावर.

पंख्याची दोन पाती लख्ख होती. तिसरं धुळीने काळं होतं, आणि त्याच्या कडेला ओल्या फडक्याचा एक पट्टा ओढलेला होता, जेमतेम हाताच्या रुंदीचा. तिथे तो एकदम तुटला होता.

फिरत्या पंख्यात हे दिसायची सोय नव्हती. थांबल्यावरच दिसलं, आणि तेही आडवं पडल्यावर. दुर्बिणीला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या हाताखालची आळशातली आळशी मुलगी घ्या, पंखा पुसायचा टाळेल, पण दोन पाती पुसून तिसरं कुणी सोडत नाही. तिसऱ्याला फडकं लावून माणूस मध्येच थांबतं, ते एकाच कारणाने.

"पाय बाथरूममध्ये नव्हता घसरला," ती म्हणाली.

शेजारी छकुलीने डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाली, "नाही."

"स्टुलावर चढली होतीस?"

"खुर्चीवर. स्टूल डुगडुगतं म्हणून मुद्दाम खुर्ची घेतली." आणि घाईने म्हणाली, "मीच त्याला शपथ घातली होती, तुला सांगू नको म्हणून."

"मी येणार म्हणून?"

छकुली पंख्याकडे बघत बोलायला लागली. "लहानपणी सुट्टी असली की तू मला हॉटेलात न्यायचीस, आठवतं? तू आडवी पडायचीस आणि मी तुझ्या कुशीत. दोघी वर बघत. मी आधी काहीतरी शोधून काढलं की तू मला शाबास म्हणायचीस. मला फार आवडायचं गं ते. रविवारी तू या गादीवर पडणार, वर बघणार, हे मला माहीतच होतं. म्हणून बाकी घर राहू दे म्हटलं, आधी पंखा."

दुर्बीण उठून बसली. सहा महिन्यांचं पोट घेऊन खुर्चीवर चढलेली, मान वर करून, हात वर करून आईच्या नजरेची धूळ पुसणारी आपली पोर तिला समोर दिसायला लागली.

"एकही पुसायचं नव्हतंस गं," ती म्हणाली, आणि मग तिला आवरेना. "एकसुद्धा नाही. सगळी काळी ठेवायचीस. आग लागो माझ्या डोळ्यांना! माझ्या पोरीला, माझ्या पोरीच्या पोराला..."

"आई, असं नको ना म्हणूस."

"मग काय म्हणू? तूच सांग, काय म्हणू?"

छकुलीही रडत होती, पण उताणी असल्यामुळे पाणी कानात जात होतं आणि मध्येच तिला त्याचं हसूही येत होतं. दुर्बिणीने पदराने तिचे कान पुसले.

"मला घराचं एवढं नव्हतं गं वाटलं," छकुली म्हणाली. "फोनचं वाटलं. तुम्हाला सांगायच्या आधी मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. कसं सांगायचं, कुठे बसायचं. तू काय म्हणशील तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. आणि तू म्हणालीस, कडी."

"काय म्हणेन असं ठरवलं होतंस?"

"नाही सांगणार."

"सांग ना."

"सांगितलं की तू तेच म्हणशील. मग त्याला काय अर्थ?"

दुर्बीण पुन्हा आडवी झाली. दोघी थांबलेल्या पंख्याकडे बघत राहिल्या, आणि आता त्याच्याकडे बघायची छकुलीला भीती वाटत नव्हती, हे तिच्या श्वासावरून कळत होतं.

वीज आली, पंखा फिरायला लागला. पण त्या दिवसापासून दुपारचं शेजारी पडणं सुरू झालं ते झालं. छकुलीने खेळच काढला. आईने वर बघून आवडलेलं काहीतरी सांगायचं. दुर्बिणीची अक्षरशः भंबेरी उडाली. पहिल्या दिवशी बराच विचार करून ती म्हणाली, "छत पांढरं आहे."

"आई, ही काय आवड झाली?"

"मग काय सांगू? भिंत सरळ आहे?"

छकुली इतकी हसली की जावई धावत आला. चुका शोधायला दुर्बिणीला एक पळ पुरत असे, आणि इथे सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी ती चाचपडत होती. पण हाताला वळण लागतं तसं नजरेलाही लागतं, आणि वळण लावून घ्यायची तर तिला आयुष्यभराची सवय होती. दोन दिवसांनी तिला दिसलं की खिडकीतून येणारं ऊन दुपारी भिंतीवरून सरकत छकुलीच्या पायाशी येऊन थांबतं. मग दिसलं की समोरच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालताना स्वतःशीच नाचते. मग एकदा तिने वर बघितलंच नाही, कुशीवर वळली आणि म्हणाली, "तुझ्या भुवया तुझ्या बाबांच्या आहेत. हे मला आधी कसं नाही दिसलं?"

"मी लहान असताना तू माझे कान स्वच्छ आहेत का तेच बघायचीस," छकुली म्हणाली. बोलली हसतच, पण दुर्बिणीला लागलं. लागू दे, तिने मनात म्हटलं.

बेसिनचे पांढरे थर तिला दिसत नव्हते असं समजू नका. सगळं दिसत होतं. एका दुपारी छकुली झोपल्यावर तिने ते घासून काढलेही. पण घासले आणि विसरली. प्रेशर उतरायला लागलं. जावयाने फोन काढून नंबर बघत बसायचं सोडलं.

तपासणीच्या दिवशी तिला आत सोडलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून तिने भिंतीकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिला एकही डाग दिसला नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि सगळं धूसर होतं. मग दार उघडून जावई बाहेर आला. त्याने नुसता अंगठा वर केला आणि तोंड फिरवून भिंतीकडे वळला. बाळ छान वाढत होतं. छकुलीने घरात हिंडाफिरायला हरकत नव्हती.

घरी आल्यावर छकुली इतक्या दिवसांनी पहिल्यांदा खुर्चीत बसली. त्याच खिडकीशी, त्याच पडद्यापुढे. जावई म्हणाला, "माझी आई विचारतेय, येऊ का म्हणून. काय सांगू?"

"सांग, बाळ आलं की या, भरपूर दिवस राहा. आत्ता माझी आई आहे," छकुली म्हणाली.

दुर्बिणीने हे ऐकलं, पण न ऐकल्यासारखं करून ती स्वयंपाकघरात गेली. गॅसवर दूध ठेवलं. समोर उभी राहिली. मग एकदम तिने ओट्यावरचा फोन उचलला आणि छकुलीला व्हिडिओ फोन लावला. मधे एक भिंत आणि चार पावलांचं अंतर.

"आई? अगं, हे काय खूळ?" फोनमधून आणि भिंतीपलीकडून, दोन्हीकडून आवाज आला.

"परत सांग," दुर्बीण म्हणाली.

"काय परत सांग?"

"बातमी. मी तेव्हा ऐकलीच नाही गं. बघितलं, ऐकलं नाही. परत सांग मला."

छकुली हसायला लागली, मग हसायची थांबली. केसांवरून हात फिरवून ती खुर्चीत सरळ बसली. दुर्बीण बघत होती. मुलीच्या डोक्यामागे पडदा लोंबत होता आणि कडी सुटलेली होती. ती तिला दिसली, न दिसायला ती काही आंधळी झाली नव्हती. पण कडी मागे होती. पुढे तिची मुलगी होती, दमलेली, डोळ्यांखाली काळं आलेली, बापाच्या भुवयांची, आणि तिचे ओठ सांगायच्या आधीच थरथरायला लागले होते.

"आई," छकुली म्हणाली, "मला बाळ होणार आहे."

काय म्हणायचं याचा विचार दुर्बिणीने दवाखान्यापासून घरापर्यंत केला होता. चांगली वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही त्या वेळी आठवलं नाही.

"थांब, मी आत्ता येते!" ती म्हणाली, आणि फोन ओट्यावर तसाच टाकून धावली.

छकुलीने दोन्ही हात पसरले होते. आईच्या खांद्यात तोंड खुपसून ती हुंदके देत होती, हसत होती, आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "हेच. तू हेच म्हणशील असं ठरवलं होतं मी. हेच, आई."

स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. ओट्यावरून खाली सांडल्याचा आवाज आला, करपल्याचा वास घरभर पसरला.

"आई, दूध," छकुली म्हणाली.

"जाऊ दे," दुर्बीण म्हणाली.